भास्कराचार्य, एकसष्टचे कोडे आणि आपले बीड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा आपल्या चिटणीस बाईंचा दरवर्षी आग्रह असतो आणि दरवर्षी मी काही ना काही सबब सांगून तो टाळीत आले. कविता करणाऱ्या, पाककृती लिहिणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. मी पडले मंडळाची खजिनदार. वर्गणीच्या वहीपलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण यंदा मीच होऊन हा लेख चिटणीस बाईंच्या हाती दिला. त्याला कारण आहे. आपणां सर्वांसमोर मी एकदा चुकीचे बोलले, आणि ज्या मुलीने ती चूक मला दाखवून दिली तिचे एक उत्तर माझ्याकडे बाकी आहे.

भगिनींना आठवत असेल, गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी चार शब्द बोलले होते. विषय होता थोर गणिती भास्कराचार्य. मी मोठ्या अभिमानाने सांगितले की हे भास्कराचार्य आपल्या बीडचे, आणि ज्या लीलावतीच्या नावाने त्यांचा ग्रंथ जगभर गाजला ती त्यांची लेक म्हणजे आपल्याच गावची माहेरवाशीण. घटिकापात्रात मोती पडून लग्नाची वेळ कशी टळली, ती गोष्टही सांगितली. आपण टाळ्या वाजविल्या. मलाही बरे वाटले.

कार्यक्रम संपल्यावर आपल्या गल्लीतील नववीत शिकणारी एक मुलगी तिळगूळ घ्यायला माझ्याजवळ आली. भास्कराचार्य बीडचे हे कशावरून, असे तिने मला विचारले. मी म्हटले, सर्वांना ठाऊक आहे. तिने पुन्हा तेच विचारले. कोठे लिहिले आहे ते मला सांगता येईना. मग जाता जाता तिने दुसरा प्रश्न टाकला. लीलावतीचे लग्न वेळेवर लागले असते तर वडिलांनी तिला गणित शिकविले असते का? त्यावर तर मी निरुत्तरच झाले.

मंडळाच्या हिशेबात एक रुपयाचा फरक पडला तरी मला रात्री झोप येत नाही. ताळा जुळेपर्यंत मी वही मिटत नाही. आणि इतक्या थोर माणसाविषयी मात्र ताळा न पाहता मी सभेत बोलून गेले! त्या दिवसापासून वाचनालयातून पुस्तके आणून, अडले ते नातवाकडून समजावून घेऊन, मी भास्कराचार्यांचे चरित्र वाचीत आले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. ही तिथी कोणी मागाहून लावलेली नाही. त्यांनी स्वतःच ती आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. ते शांडिल्य गोत्राचे. वडिलांचे नाव महेश्वर. वडील स्वतः ज्योतिषी व विद्वान होते, आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घरात विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. आपण जसे आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकतो, तसे या घरातील मुलगे वडिलांच्या हाताखाली ग्रहगणित शिकत.

वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला मोठा ग्रंथ रचिला. त्याचे चार भाग मानतात. पहिला लीलावती, त्यात अंकगणित व क्षेत्रफळे, दुसरा बीजगणित, तिसरा ग्रहगणित आणि चौथा गोलाध्याय, ज्यात पृथ्वीच्या व आकाशाच्या गोलाचा विचार आहे. पृथ्वी आपल्या अंगच्या शक्तीने वस्तूंना आपल्याकडे ओढून घेते, हा विचार त्यांनी गोलाध्यायात मांडला आहे. पुढे ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगाच्या गणिताला उपयोगी पडणारा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे साठी ओलांडली की माणसाने माळ हातात घ्यावी असे म्हणतात. या गृहस्थांनी साठीनंतर नवा ग्रंथ हातात घेतला, हे मला फार आवडले.

आता त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. आपण सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नावाच्या नगरातले, असे भास्कराचार्य सांगतात. हे विज्जडविड म्हणजे कोणते गाव, यावर विद्वानांचा वाद फार जुना आहे. नावाच्या शेवटी बिड असा उच्चार येतो म्हणून कोणी आपले बीड धरले. आपला बालाघाट हाही सह्याद्रीचाच फाटा, तेव्हा डोंगराची खूणही जुळविता येते. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून १५८७ साली फैजी नावाच्या कवीने लीलावतीचे फारसीत भाषांतर केले. त्याने भास्कराचार्यांचे गाव बेदर म्हणजे बिदर असे लिहिले. कोणी विजापूरही सुचविले. थोर पुरुषाला सगळेच आपला म्हणतात.

पण यांपैकी कोणत्याही गावाजवळ दगडावर कोरलेला पुरावा नाही. तो आहे जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण या ठिकाणी. डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचे स्थान आहे, आपल्यापैकी काही भगिनी दर्शनाला जाऊनही आल्या असतील. तेथील शिलालेख मुंबईचे विख्यात डॉक्टर व संशोधक भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख इ. स. १२०७ चा आहे. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ त्रिविक्रमापासून दिली आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण राजाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, हे त्या दगडावर लिहिलेले आहे. त्यातील काही मजकूर तर जुन्या मराठीत आहे. त्याच चाळीसगाव तालुक्यात बहाळ येथेही एक लेख आहे. भास्कराचार्यांच्या बंधूंचा नातू अनंतदेव याने इ. स. १२२२ मध्ये तेथे देवीचे देऊळ बांधविल्याचा तो लेख आहे.

तेव्हा भगिनींनो, घराणे ज्या परिसरात नांदले, मठ जेथे उभा राहिला, तो परिसर पाटणचा. विज्जडविडाचा वाद कायमचा मिटला असे कोणी म्हणत नाही. पण पुराव्याचे पारडे पाटणकडे झुकते, आणि आपल्या बाजूने केवळ नावाचे साम्य आहे. नावावरून नाते जोडायचे तर मग काय, कोणीही कोणाचे सासर-माहेर ठरवावे! भास्कराचार्य बीडचे, हे मी सभेत ठामपणे सांगितले ते चुकले. ते मी येथे परत घेते.

हे लिहिताना वाईट वाटले नाही असे नाही. पण भास्कराचार्यांनीच मला धीर दिला म्हणा ना. उपपत्ती ठाऊक नसलेल्या गणित्याला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेविले आहे. उपपत्ती म्हणजे हे असेच का, याची सिद्धता. आमच्या नववीतल्या मुलीचे कशावरून हा तोच प्रश्न आहे. भास्कराचार्य त्या हळदीकुंकवाला असते तर त्यांनी माझ्या भाषणाला नव्हे, तिच्या प्रश्नाला मान डोलाविली असती.

आता त्यांच्या विद्येविषयी. ग्रहांचे गणित मला पेलणारे नाही. परंतु त्यांच्या बीजगणितातील एक कोडे मला असे सापडले की त्याने मला महिनाभर झपाटून टाकले. ते येथे सांगते. पाढे येत असतील तर कोणालाही समजेल.

एखादी संख्या घ्यावी, तिला तिनेच गुणावे, म्हणजे तिचा वर्ग होतो. चाराचा वर्ग सोळा, नवाचा एक्क्याऐंशी. आता कोडे असे. एक वर्ग घ्या, त्याला ६० ने गुणा, त्यात १ मिळवा. उत्तर पुन्हा कोणाचा तरी पूर्ण वर्ग आला पाहिजे. कोणत्या संख्येचा वर्ग घ्यावा? एक, दोन, तीन करून पाहिले तर जमत नाही. चार घेतले की जमते. सोळा गुणिले ६० म्हणजे ९६०, त्यात एक मिळविला की ९६१, आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. झाले! ६० च्या जागी ६२ घेतले तर ८ ने जमते: चौसष्ट गुणिले ६२ म्हणजे ३,९६८, अधिक एक ३,९६९, आणि तो ६३ चा वर्ग. ६३ घेतले तर एकानेच जमते, कारण ६३ अधिक एक म्हणजे ६४, आणि तो आठाचा वर्ग.

मधले ६१ आपल्याला काय भारी पडणार, असे वाटते ना? मलाही वाटले. मी वही घेऊन बसले. एक ते शंभर करून पाहिले, जमले नाही. दुसऱ्या दिवशी दोनशेपर्यंत गेले. नातू हसू लागला. हे कोडे भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात उदाहरण म्हणून घातले आहे आणि उत्तरही दिले आहे. ज्या सर्वांत लहान संख्येने ते सुटते ती अशी: २२,६१,५३,९८०. म्हणजे बावीस कोटी एकसष्ट लक्ष त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. तिचा वर्ग ६१ ने गुणून एक मिळविला म्हणजे जो वर्ग येतो तो १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास.

माझ्यासारखे एकेक करून पाहत गेले आणि प्रत्येक आकड्याला एकच सेकंद लागला, तरी रात्रंदिवस न जेवता, न झोपता सात वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हा भास्कराचार्यांनी हे शोधून शोधून काढलेले नाही, हे उघड आहे. त्यांच्याजवळ रीत होती. तिचे नाव चक्रवाल. चक्र फिरावे तशी ती फिरून फिरून त्याच कृतीवर येते, आणि प्रत्येक फेऱ्यात उत्तराच्या जवळ नेते. रीत सर्वस्वी त्यांची एकट्याची नव्हे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी तिचा पाया घातला, जयदेव नावाच्या गणित्याने ती पुढे नेली, आणि भास्कराचार्यांनी ती सुबोध करून उदाहरणांसह मांडली. मोठ्या माणसाचे मोठेपण सांगताना आधीच्यांचे देणे विसरू नये.

रीतीचा मासला पाहा. या संख्यांना ते कनिष्ठ आणि ज्येष्ठ म्हणतात, जशा घरात धाकटी आणि थोरली जाऊ. धाकटी म्हणून १ घेतला. ६१ गुणिले १ म्हणजे ६१. जवळचा वर्ग आठाचा, ६४. म्हणजे आपल्याला १ मिळवायचा होता, तेथे ३ मिळवावे लागले. या ३ ला क्षेप म्हणतात. आता असा एक आकडा निवडायचा की तो धाकटीने गुणून थोरलीत मिळविला तर ३ ने नि:शेष भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. सात घेतले. सात अधिक आठ पंधरा, पंधराला तिनाने भागले की पाच. ही झाली नवी धाकटी. पाचाचा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १,५२५. त्यातून ४ वजा केले की १,५२१, आणि हा ३९ चा वर्ग. थोरली झाली ३९, क्षेप उणे ४. एका फेऱ्यात इतके!

पुढे चाराचा क्षेप आला की ब्रह्मगुप्तांची एक युक्ती लागू पडते. तिने धाकटी ३,८०५ आणि थोरली २९,७१८ अशी जोडी मिळते. ३,८०५ चा वर्ग ६१ ने गुणून त्यातून १ वजा केला की २९,७१८ चा वर्ग येतो. आपल्याला मात्र एक वजा करायचा नाही, मिळवायचा आहे. म्हणून ही जोडी तिच्याशीच पुन्हा जुळवायची. धाकटी व थोरली यांच्या गुणाकाराची दुप्पट केली की २२,६१,५३,९८०. थोरलीच्या वर्गाची दुप्पट करून एक मिळविला की १,७६,६३,१९,०४९. सात वर्षांचे काम पाटीच्या एका बाजूवर!

मी खजिनदार. तेव्हा ताळा पाहिल्यावाचून विश्वास ठेवीन कशी? आधी नवाचा ताळा पाहिला. बावीस कोटींच्या त्या संख्येतील अंकांची बेरीज ३६, म्हणजे तिला नवाने नि:शेष भाग जातो, बाकी शून्य. तिचा वर्ग ६१ ने गुणला तरी बाकी शून्यच, एक मिळविला की बाकी एक. आता दुसऱ्या संख्येतील अंकांची बेरीज ४६. चार अधिक सहा दहा. म्हणजे बाकी एक, आणि एकाचा वर्ग एक. जुळले. पण नवाचा ताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबरच असतो असे नाही, हे आपण जाणतोच. म्हणून एका दुपारी जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर दोन्ही वर्ग पूर्ण मांडले. दोनदा हातचा चुकला. तिसऱ्या वेळी दोन्हीकडून एकच एकोणीस अंकी संख्या उतरली, ३११९८८२९८२८६०२६४४०१. खोटे कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आले. साडेआठशे वर्षांहून जुना हिशेब, आणि एका अंकाचाही फरक नाही.

भास्कराचार्यांनंतर पाच शतकांनी, १६५७ साली, फ्रान्समधील फेर्मा नावाच्या थोर गणित्याने हेच ६१ चे कोडे युरोपातील गणित्यांना आव्हान म्हणून घातले. आपल्याकडे ते आधीच सुटले आहे, याची त्याला वार्ताही नव्हती. अशी कोडी कधी ना कधी सुटतातच, याची पक्की सिद्धता लाग्रांज या गणित्याने अठराव्या शतकात दिली. पुढे १८१७ साली कोलब्रुक या इंग्रज पंडिताने लीलावती व बीजगणित इंग्रजीत नेले, तेव्हा पाश्चात्त्यांना हा ठेवा नीट दिसला.

आता दुसरा प्रश्न, लीलावतीचा. तो अधिक अवघड आहे.

घटिकापात्राची गोष्ट आपणां सर्वांना पाठ आहे. मुलीच्या नशिबी संसार नाही असे भाकीत होते, म्हणून वडिलांनी सूक्ष्म मुहूर्त काढला. मुलगी वाकून पात्रात पाहू लागली, तिच्या अंगावरचा मोती त्यात पडला, छिद्र बुजले, पात्र बुडालेच नाही आणि घटका टळली. मग बापाने तिच्या नावाचा ग्रंथ लिहून तिचे सांत्वन केले. ही गोष्ट भास्कराचार्यांच्या ग्रंथात कोठेही नाही. ती आपल्याला फैजीच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत मिळते, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. पाटणच्या लेखात मुलगा आहे, नातू आहे. लेकीचे नाव नाही. ग्रंथात मात्र कोठे बाळे, कोठे हरिणाक्षी अशा हाका येतात. त्यावरून कोणी ती लेक मानतात, कोणी पत्नी. काही ठिकाणी तर मित्राला आणि व्यापाऱ्यालाही हाक आहे. लीलावती या शब्दाचा अर्थच मुळी लीलेने युक्त, खेळकर असा. तेव्हा ते ग्रंथाचेच गुणवर्णन असू शकते.

ग्रंथ खरोखर खेळकर आहे. भुंग्यांचा थवा उडाला, पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलावर, या दोन हिश्शांतील अंतराच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडावर, आणि एक बिचारा वासाने भुलून मध्येच घिरट्या घालीत राहिला, तर भुंगे किती? अशी उदाहरणे. उत्तर पंधरा, घरी मुलांना घालून पाहावे. असे गणित शिकविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणी तरी बालिका बसली होती, असे मनाला वाटत राहते. पण वाटणे म्हणजे उपपत्ती नव्हे, हे मी आता शिकले आहे.

लेकीचे नाव दगडावर हवे असेल तर ते आपल्याच जिल्ह्यात आहे. चांगदेव ज्या सिंघण राजाच्या दरबारी होता, त्याच राजाचा सेनापती खोलेश्वर आपल्या अंबाजोगाईचा. त्याचा मुलगा राम लढाईत पडला. त्या भावाच्या स्मरणार्थ खोलेश्वराच्या लेकीने, लक्ष्मीने, देऊळ बांधविले. इ. स. १२४० च्या अंबाजोगाईच्या शिलालेखात तिचे नाव आहे. योगेश्वरीच्या दर्शनाला आपण किती वेळा गेलो, पण या लक्ष्मीची चौकशी कधी केली नाही. नसलेल्या लीलावतीवर हक्क सांगत बसलो, आणि असलेली लक्ष्मी विसरलो!

परंतु त्या मुलीचे उत्तर अजून बाकीच आहे. गोष्ट खरी नसली तरी ती आपण पिढ्यान् पिढ्या मुलींना सांगत आलो. आणि तिचे तात्पर्य काय? तर लग्न टळले, म्हणून विद्या मिळाली. जणू विद्या ही फसलेल्या मुहूर्ताची भरपाई आहे. मी स्वतः सातवीनंतर शाळा सोडली. गणितात वर्गात पहिली होते. पण स्थळ चांगले चालून आले होते. मला संसार चांगला लाभला, तक्रार नाही. पण ६१ चे कोडे मला वयाच्या या टप्प्यावर भेटले, ते पंधराव्या वर्षी भेटायला हवे होते, एवढे मात्र वाटून गेले.

ती मुलगी कोण, हे मी लिहीत नाही. तिचे आई-वडील दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याकडे ऊसतोडीला जातात आणि हंगाम उरकल्यावर परततात. तोवर ती आजीजवळ असते. आपल्या जिल्ह्यातील हजारो घरांचे हेच आहे. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची काळजी, बरोबर न्यावी तर शाळा बुडते, म्हणून मग तिचे लग्नच उरकून टाकायचे. यात आई-बापांचा दुष्टपणा नसतो, अडचण असते. पण अठराच्या आत लग्न हा कायद्याने गुन्हा आहे आणि मुलीचे आयुष्य त्यात जाते. तिच्याही घरी यंदाच्या हंगामापूर्वी उरकण्याची बोलणी निघाल्याचे कानावर आले. मी तिच्या आजीकडे दोनदा जाऊन बसले. हंगामात मुलगी संध्याकाळी माझ्या घरी अभ्यास करील, रात्री माझ्या सुनेजवळ निजेल, असे सांगितले. तिच्या आईने दहावीपर्यंत थांबू असा शब्द दिला आहे. वडील अजून काही बोललेले नाहीत.

तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर असे. लीलावतीच्या वडिलांनी काय केले असते, ते सांगणारा कोणताही लेख नाही. आपण काय करायचे, ते मात्र आपल्या हातात आहे. माझी मंडळाला विनंती आहे की येत्या हंगामात अशा मुलींसाठी आपली खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवावी. दिवाबत्तीचा खर्च वर्गणीतून भागतो, तो हिशेब मी करून ठेविला आहे व ताळाही पाहिला आहे. दोन-तीन घरी मुलींची रात्रीची सोय झाली तर अधिक बरे. ज्या भगिनींना हे शक्य असेल त्यांनी दसऱ्यापूर्वी मला किंवा चिटणीस बाईंना सांगावे.

२०१० साली हैदराबादला जगातील गणितज्ञांची मोठी परिषद भरली, तेव्हापासून गणित लोकांपर्यंत नेणाऱ्यास लीलावतीच्या नावाने एक पारितोषिक देतात. नाव जगभर गेले. आपल्या खोलीत पहिल्या संध्याकाळी मी मुलींना ६१ चेच कोडे घालणार आहे. उत्तर या लेखात दिले आहे, ते त्यांना कोणी आधी सांगू नये, एवढी कृपा करावी.